चेहऱ्यावरचं पुरळ हटत नाही आणि त्वचातज्ज्ञ परवडत नाही: गोव्यात राहून काय करता येतं

चेहऱ्यावरचं पुरळ महिना-दीड महिना हटत नसेल, तर नवीन काही विकत आणायच्या आधी सध्या तोंडाला जे जे लागतंय ते सगळं एकदा टेबलावर मांडा. साबण, फेसवॉश, क्रीम, पावडर, दाढीचा फोम, केसांचं तेल, डाय, टिकलीचं पाकीट, मैत्रिणीने दिलेली ट्यूब, सगळं. मी म्हापशात औषधांच्या दुकानात काम करते. खासगी त्वचातज्ज्ञाची फी, वर लिहून दिलेली क्रीमं, पुन्हा दाखवायला जाताना होणारा खाडा, हे हॉटेलात, बांधकामावर, दुकानात राबणाऱ्या माणसाला किती जड जातं ते मला रोज दिसतं. म्हणूनच लोक डॉक्टरकडे जायच्या आधी आमच्या काउंटरवर येतात. हे लिहिलंय ते त्यांच्यासाठी, आणि नोकरीसाठी सावंतवाडी, दोडामार्ग, चंदगड, बेळगावकडून नव्याने गोव्यात आलेल्यांसाठीही. घाटावरून आलेल्या कितीतरी जणांचा चेहरा इथल्या पहिल्याच पावसाळ्यात बिघडतो.

घरी थांबू नये अशी लक्षणं

खाली जे सांगणार आहे ते हळू जाणाऱ्या, जिवाला धोका नसलेल्या पुरळासाठी. पुढचं काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि इस्पितळ गाठा.

कपाळाच्या किंवा नाकाच्या एकाच बाजूला आग होऊन पाण्याचे फोड आले, तर ती नागीण असू शकते. तिच्यावरचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, आणि नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर दृष्टीला धोका असतो. गाल गरम, दुखरा, सुजलेला, लाली तासातासाला पसरतेय आणि ताप आहे, हेही तातडीचं. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकतोय, तर 108 ला फोन करा. एखादं नवीन औषध सुरू केल्यावर पुरळ उठलं आणि तोंडात फोड आले किंवा कातडी सुटायला लागली, तर ते औषध हातात घेऊनच निघा.

दोन गोष्टी इतक्या घाईच्या नाहीत, पण चालढकल करण्याजोग्याही नाहीत. दोन्ही गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, उन्हात वाढणारी, सोबत सांधेदुखी, बारीक ताप, तोंड येणं, केस गळणं असेल तर रक्ततपासणी लागते. आणि चट्ट्याच्या जागी कापसाचा बोळा फिरवल्यावर स्पर्श कळत नसेल, भुवयांचे केस विरळ होत असतील, कानाच्या पाळ्या जाड झाल्या असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. लाज बाळगू नका. त्याचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोफत मिळतात आणि वेळेत घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली डॉक्टरी चित्रांतल्यासारखी लालभडक दिसत नाही. ती तपकिरी, जांभळट, कधी नुसती काळसर दिसते. म्हणून रंगापेक्षा उष्णता, सूज, खरखर आणि आग यांच्यावर लक्ष द्या.

ती ट्यूब

आता मांडलेल्या वस्तूंतली ट्यूब उचला. बरेचदा ती शेपटीकडून गुंडाळत आणलेली असते आणि नावाची अक्षरं पुसट झालेली असतात, तरी मागचा बारीक मजकूर वाचता येतो. त्यात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. बऱ्याच ट्यूबमध्ये त्याच्यासोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषधही मिसळलेलं असतं. 'तिन्हींवर चालतं' म्हणून ती खपते. गोरेपणाच्या काही क्रीमांतही मोमेटासोन असतं, जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन.

या ट्यूबचा मोह का पडतो ते मला कळतं. दोन दिवसांत खाज थांबते, चेहरा उजळतो, लग्नाला जाता येतं. मग ट्यूब बंद केली की पुरळ दुपटीने उसळतं, म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत कातडी पातळ होते, उन्हात आणि चुलीसमोर भाजल्यासारखी आग होते, गालावर बारीक शिरा दिसतात, मुरुम येतात, बायकांच्या तोंडावर लव वाढते. बुरशीचा नायटा असेल तर स्टिरॉइडखाली तो आतल्या आत पसरतो आणि त्याची ओळखायची कडाही पुसून जाते. भारतात हा त्रास इतका वाढला की त्वचातज्ज्ञांनी स्टिरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरीही ती मिळतात. दुकानदाराने न मागता अशी ट्यूब पुढे केली तर परत करा. माझ्यासारखीच कोणी काउंटरवर बसलेली असेल, तिलाही हेच सांगा.

चार-पाच दिवस लावली असेल तर सरळ थांबवा. महिनोन्महिने रोज लावत असाल, तर मात्र जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ट्यूब दाखवून, ती कशी सोडायची ते विचारून घ्या. थांबवल्यावर काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी, चेहरा खूप भडकतो. सूज येते, आग होते, पाणी सुटतं. हे येणार हे आधी माहीत असलं तर माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावत नाही. गार पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती कापड दहा मिनिटं ठेवा, साधं पेट्रोलियम जेली बोटाच्या टोकाएवढं लावा आणि उन्हापासून जपा. काही जणांचा चेहरा शांत व्हायला महिने जातात.

चेहऱ्याला विश्रांती द्या

तीन ते चार आठवडे चेहऱ्याला फक्त तीनच गोष्टी: धुणं, ओलावा, उन्हापासून आडोसा. बाकी सगळं बंद. डॉक्टरने दिलेली औषधं मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

दिवसातून दोनदा कोमट किंवा साध्या पाण्याने धुवा. बिनवासाचा, फेस कमी येणारा सौम्य क्लेंझर असेल तर उत्तम. नसेल तर सकाळी नुसतं पाणी आणि संध्याकाळी अंगालाही चालणारा साबणाचा सौम्य बार. घाम आला म्हणून दर वेळी साबण नको, पाण्याचा हबका पुरे. स्क्रब, लुफा, खरखरीत पंचा नको. टिपून कोरडं करा.

मॉइश्चरायझर पांढरं, बिनवासाचं, साधं. घटकांची यादी जितकी लहान तितकं बरं. गोव्याच्या दमट हवेत जाड क्रीम अंगावर येतं, त्यापेक्षा पातळ लोशन बरं वाटतं.

उन्हासाठी सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, शक्यतो झिंक ऑक्साइडचं. ते झोंबत असेल तर लावूच नका. टोपी, छत्री, ओढणी यांनीही काम होतं. दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ रोज धुतलेला हवा. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर काढून धुवा. हनुवटी आणि कपाळावरच्या पुटकुळ्यांचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं. जून ते सप्टेंबर उशीचे अभ्रे वाळत नाहीत. ओलसर, वास मारणाऱ्या अभ्र्यावर रात्रभर गाल टेकवून झोपण्यापेक्षा त्यावर सुकलेला जुना सुती टॉवेल घाला आणि तो रोज बदला.

घरगुती इलाजांबद्दल मी ठाम आहे. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, लसूण, चुना यांतलं काहीही चेहऱ्याच्या पुरळावर नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग राहतात. खोबरेल तेल अंगाला कितीही चांगलं असो, कोंडा आणि तेलकट पुरळ असलेल्यांनी रात्रभर केसांना आणि तोंडाला चोपडून झोपू नये.

नवीन वस्तू सुरू करताना एका वेळी एकच. आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे रोज दोन वेळा लावून बघा. काही झालं नाही तर जबड्याच्या कडेला, आणि मग चेहऱ्याला.

पुरळ कुठे आहे, कसं आहे

नक्की निदान डॉक्टरच करेल. पण आरशासमोर उजेडात पाच मिनिटं उभं राहिलं तर निम्मी दिशा कळते.

नाकपुडीच्या बाजूच्या घडीत, भुवयांत, दाढी-मिशीत, कानामागे पिवळसर तेलकट खपल्या आणि डोक्यात कोंडा: हा सेबोरिक डर्मटायटिस. कातडीवर राहणाऱ्या मॅलासेझिया बुरशीशी त्याचा संबंध आहे. थकवा, जागरण आणि हवाबदल यांनी तो उसळतो. केटोकोनॅझोल 2 टक्क्यांच्या शाम्पूचा फेस डोक्याला आणि बंद डोळ्यांनी भुवया-नाकाच्या कडेला लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि धुऊन टाकायचा. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा. हा त्रास मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. हे डॉक्टर घाईत सांगत नाहीत आणि रुग्ण 'औषध लागू पडलं नाही' म्हणून सोडून देतो.

गोल चट्टा, कड उठलेली आणि खवलेदार, मधला भाग त्यामानाने स्वच्छ, बहुधा एकाच गालावर, आणि मांड्यांत किंवा कमरेलाही खाज: हा नायटा. क्लोट्रिमॅझोल 1 टक्का कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी एक-दोन आठवडे. भारतात सध्या औषधाला दाद न देणारा नायटा फिरतोय, म्हणून दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर पोटात घ्यायचं औषध लागेल आणि ते डॉक्टरनेच द्यावं. हॉटेलच्या स्टाफ क्वार्टरमध्ये एका खोलीत पाच-सहा जण राहतात, टॉवेल कोणाचा कोण वापरतो. तिथे एकट्याने औषध करून भागत नाही. ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी एकदमच उपचार घ्यावेत.

काळे-पांढरे ठिपके आणि दुखऱ्या पुटकुळ्या म्हणजे मुरुम. बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के पातळ लावा. रंगीत उशी आणि टॉवेलचा रंग त्याने उडतो. फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात. कपाळावर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील आणि ठिपके मुळीच नसतील, तर ते मुरुम नसून केसांच्या मुळांतली बुरशी असू शकते, आणि मुरुमांच्या अँटिबायोटिकने ती वाढते. गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल, तर अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन असली मुरुमांवरची औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत.

गालाच्या मध्यावर आणि नाकावर येणारी-जाणारी लाली, गरम चहा, तिखट, ऊन, दारू यांनी चढणारी, म्हणजे रोझेशिया. तो फक्त गोऱ्यांना होतो हा गैरसमज आहे. स्वयंपाकघरात भट्टीसमोर उभ्या असणाऱ्यांना याचा त्रास जास्त जाणवतो. ओठांभोवती बारीक पुरळ, पण ओठाला लागून एक कोरी रेषा सुटलेली, असं दिसलं तर मागे स्टिरॉइडची ट्यूब आहे का ते शोधा, बहुतेकदा सापडते.

आता ॲलर्जी. इथे गोव्यात राहणाऱ्याने कॅलेंडर बघावं. मार्च ते मे काजूचा हंगाम. बोंडू (काजूचं फळ) पिळून बी वेगळी करताना टरफलातलं तेल बोटांना लागतं, आणि त्याच हाताने घाम पुसला की पापण्या आणि गाल सुजतात. सत्तरीत, पेडण्यात बागेत काम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं, बाहेरून मजुरीला आलेल्यांना नसतं. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. त्यामुळे ज्याला काजूच्या तेलाने फोड येतात त्याला आंब्याच्या चिकानेही ओठांभोवती पुरळ येऊ शकतं. आंबा देठाकडून चीक गाळून, धुऊन, साल काढून, फोडी करून खा, चोखून नको. बागेत हातमोजे घाला, घाम पुसायला वेगळं फडकं ठेवा, आणि तेल लागलं की लगेच साबणाने धुवा. काजू भाजतानाच्या धुरासमोरही तोंड धरू नका.

पावसाळ्यात दिव्याभोवती एक बारीक, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा किडा येतो. तो झोपेत मानेवर-गालावर चिरडला गेला की दुसऱ्या दिवशी चाबूक मारल्यासारखी लाल रेघ उठते आणि फोड येतात. लोक त्याला नागीण समजून मंत्र घालायला नेतात. साबणाने धुऊन गार पट्ट्या ठेवल्या तर एक ते तीन आठवड्यांत ते बरं होतं. किडा अंगावर दिसला तर मारू नका, फुंकर मारून उडवा. दिव्याखालचा पलंग हलवा.

बाराही महिने लक्ष ठेवायच्या गोष्टी म्हणजे केसांचा डाय आणि 'काळी मेंदी' (डोक्याला लावलेला डाय पापण्या आणि कानांवर उठतो), टिकलीचा गोंद, अत्तर, चष्म्याची धातूची फ्रेम, आणि हॉटेलातलं फरशी-बाथरूम धुण्याचं रसायन.

सरकारी दार कसं ठोठवायचं

विश्रांतीचे तीन-चार आठवडे आणि त्यानंतर लागू पडेल असा एक साधा उपाय, एवढं करूनही फरक नसेल तर डॉक्टर हवाच. सुरुवात जवळच्या प्राथमिक किंवा सामुदायिक आरोग्य केंद्रातून करा: वाळपई, साखळी, डिचोली, काणकोण, जिथे असाल तिथे. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथे शहरी आरोग्य केंद्रंही आहेत. नायटा, कोंडा, मुरुम तिथले डॉक्टर सांभाळू शकतात. त्यांच्या आवाक्याबाहेरचं असेल तर चिठ्ठी मागून घ्या. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत त्वचेचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आदल्या दिवशी फोनवर विचारा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) त्वचारोगाची स्वतंत्र ओपीडी आहे. पणजी-मडगाव रस्त्यावरच्या बसला तिथे थांबा आहे. केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते, म्हणून घरातून उजाडताच निघा.

ओळखपत्र आणि गोव्यातल्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना सरकारी इस्पितळांत काही सेवांसाठी शुल्क लागतं. कशाला किती ते काउंटरवर आधीच विचारा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, मलमाच्या बिलाला त्याचा भरवसा धरू नका.

पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी, हॉटेल किंवा दुकान ईएसआयखाली (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याखाली) येत असेल, तर तुमच्या पगारातून 0.75 टक्के आधीच कापले जाताहेत. पगाराची स्लिप बघा. ईएसआयच्या दवाखान्यात आणि मडगावच्या ईएसआय इस्पितळात तुम्हाला आणि घरच्यांना उपचार मिळण्याचा हक्क आहे. कंत्राटी कामगारांपैकी फार थोड्यांना हे कोणी सांगतं, म्हणून मी प्रत्येकाला विचारते.

खाडा करणं शक्यच नसेल तर ई-संजीवनी ही केंद्र सरकारची फोनवरून डॉक्टरला दाखवायची मोफत सेवा वापरा. मोबाइल नंबर टाकून नोंदणी होते, चिठ्ठी फोनवरच येते. पुरळाला हात लावून बघता येत नाही ही तिची मर्यादा आहे, म्हणून फोटो नीट लागतात. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फिल्टर बंद करून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. भडकलेल्या दिवशीचाही एक असू दे. डॉक्टरकडे जायच्या दिवशी नेमकं पुरळ दबलेलं असतं.

गोमेकॉत गर्दी असते आणि डॉक्टरला तुमच्यासाठी मोजकी मिनिटं मिळतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून वहीच्या अर्ध्या पानावर लिहून न्या: कधी सुरू झालं, कुठून पसरलं, खाज की आग, कशाने वाढतं, कामाचं स्वरूप, आजवर लावलेल्या प्रत्येक ट्यूबचं नाव आणि किती दिवस लावली. ट्यूबा पिशवीत घालून सोबत न्या, स्टिरॉइडची तर नक्कीच. तोंडाला पावडर-मेकअप न लावता जा. निघताना तीन गोष्टी विचारा: आजाराचं नाव काय, औषध किती दिवस, फरक नाही पडला तर परत कधी यायचं. आणि हेही सांगा, "डॉक्टर, परवडेल असं जेनेरिक लिहा." यात कमीपणा नाही. औषध इस्पितळाच्या फार्मसीत नसेल तर जनऔषधी केंद्रात बघा. तिथे मागताना ब्रँडचं नाव घेऊ नका, घटकाचं नाव आणि टक्के सांगा. केटोकोनॅझोल, क्लोट्रिमॅझोल यांसारखी मलमं तिथे कितीतरी स्वस्त पडतात. काउंटरवरच्याने "हेच आहे, यात अजून एक औषध जास्त आहे" म्हणून दुसरी ट्यूब दिली, तर पैसे द्यायच्या आधी मागचा मजकूर वाचा. त्या जास्तीच्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'सोन', 'लोन' किंवा 'टासोल' दिसलं तर ती तिथेच ठेवा. केसपेपर आणि रिकाम्या ट्यूबचं खोकं जपून ठेवा, पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर बसलेला असतो.